बोललं, पण पोचलं का?



चांगलं बोलणारा माणूस कोणाला म्हणायचं? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे माईक हातात घेऊन तासभर न अडखळता बोलणारा येतो. आम्हाला हे पटत नाही. न अडखळता तर फसवणाराही बोलतो, उलट जास्तच गोड बोलतो.

आपण ज्या गुरुचरित्राचा सप्ताह करतो, ते लिहिणारे सरस्वती गंगाधर कानडी बोलणारे. मराठी आपली भाषा नाही, हे त्यांनी ग्रंथातच सांगून ठेवलंय. तरी ओव्या मराठीत रचल्या. अडखळायचा त्रास स्वतःकडे घेतला, ऐकणाऱ्याकडे दिला नाही. माणिकप्रभूंचंही तसंच. 1817 साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीला जन्म, पुढे हुमनाबादजवळ माणिकनगर. त्यांची पदं मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत. दर्शनाला हिंदू यायचे तसे मुसलमानही यायचे. अमुक एक भाषा शिकून या, मग बोलू, असं तिथं नव्हतं.

आता आपल्या घरात बघा. आजी मराठी, सूनबाईचं माहेर चिंचोळीकडचं कानडी, नातवंडं इंग्लिश मीडियमला. सगळे हुशार, सगळे बोलके. जेवायला बसलं की आजी तेवढी गप्प. आपण म्हणतो, तिला कळत नाही. तिला कळेल असं आपल्याला बोलता येत नाही, असं कोणी म्हणत नाही.

आणि भाषा एक असली म्हणून तरी काय? घरातल्या मोठ्या माणसाचा रिपोर्ट वाईट येतो. फॅमिली ग्रुपवर रात्रभर चर्चा, सोलापूरला न्यायचं की हैदराबादला. ज्याचा आजार, तो ग्रुपमध्ये नाहीच! त्याला फक्त "काही नाही हो, बरं होईल" एवढंच. ह्याला माया म्हणायचं का? मायाच असते, हे कबूल. पण आपल्याला ते अवघड वाक्य तोंडातून काढायचं नसतं, हेही खरं. शेताची वाटणी, धाकटीचं लग्न, कोणाला तरी एकदा भेटायचं राहिलेलं, असं त्याच्या मनात काय काय असेल. न सांगता आपण तो वेळ त्याच्याकडून काढून घेतो. म्हणून आधी शेजारी बसून विचारावं, "अण्णा, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगू का?" नको म्हणाले तर थांबावं. त्या "नको"चा मान ठेवणं हेही बोलण्यातच येतं.

कोणी म्हणतील, म्हातारं माणूस खचेल. तशी घरंही असतील. पुढच्या रविवारी सत्संगात ह्यावर बोलू. ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनी अवश्य सांगावं. कानडीत सांगितलं तरी चालेल, मराठीत समजावून देणारे आपल्यात पुष्कळ आहेत.