थंडीच्या नावावर

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. गुराढोरांच्या बाजाराइतकीच ती घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोंगडी निवडताना बोलणं हमखास गुडघ्यांवर येतं. यंदा थंडीनं सांधे धरलेत, होळी जळाली की मोकळं वाटेल, असं म्हणत माणसं ऊब विकत घेतात. शहापूर-मुरबाडमध्ये थंडी आणि सांधेदुखी यांचं नातं कुणी तपासून पाहत नाही. ते गृहीतच असतं.

ही समजूत फार जुनी आहे आणि ती अडाणीपणातून आलेली नाही. चरकसंहितेत वाताचे गुण सांगताना रूक्ष आणि शीत हे गुण आधी येतात. संधिगत वाताचं वर्णनही तिथे आहे: सांध्याला हवा भरलेल्या पिशवीसारखी सूज येते आणि तो वाकवताना-पसरताना दुखतो. थंडीनं वाढणारं आणि उबेनं कमी होणारं दुखणं या मांडणीत चपखल बसतं. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानं आमवाताचं वेगळं प्रकरण लिहिलं. सगळी सांधेदुखी एकच नसते, हा महत्त्वाचा विचार त्यात होता. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरचा एक ग्रंथ वारा, पाणी आणि जागा यांच्यावरूनच आजार समजून घ्यायला सांगतो.

मात्र आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वाताचा प्रकोप सांगितला आहे तो पावसाळ्यात. वात ग्रीष्मात साठतो, वर्षा ऋतूत उसळतो आणि शरदात शमतो. दुखण्याचा दोष एकट्या थंडीवर टाकावा, असं हे शास्त्र म्हणतच नाही. लोकांच्या तोंडी थंडी तेवढी उरली.

आधुनिक वैद्यकानं हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणला. अमेरिकेत सायलस वेअर मिचेल यांनी 1877 मध्ये पाय गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या वेदनांच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ हॉलंडर यांनी संधिवाताच्या रुग्णांना एका बंदिस्त खोलीत राहायला ठेवलं. तिथली हवा हवी तशी बदलता येत असे. एकच गोष्ट बदलली तर विशेष फरक पडेना. आर्द्रता चढती आणि हवेचा दाब उतरता, असं दोन्ही एकदम केलं की अनेकांचं दुखणं वाढे.

1996 मध्ये रेडेलमायर आणि ट्वर्स्की या संशोधकांनी या विश्वासालाच हात घातला. आमवाताच्या 18 रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तर हवामान आणि वेदना यांचा मेळ बसेना. रुग्णांची खात्री मात्र ढळली नाही. दुखलं आणि त्या दिवशी गारठा होता, तर तो दिवस लक्षात राहतो. गारठा होता पण दुखलं नाही, तो दिवस विसरला जातो, असं त्यांचं म्हणणं. 2019 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 2,658 जणांच्या मोबाइलवरच्या नोंदी मांडल्या. दमट हवा, उतरलेला दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता थोडी जास्त दिसली. नुसत्या तापमानाचा ठळक संबंध काही आढळला नाही.

हे निष्कर्ष शहापूर-मुरबाडच्या पंचांगावर ठेवून पाहा. दमट हवा, उतरलेला दाब आणि वारा इथे आषाढ-श्रावणात असतात. तेच लावणीचे दिवस. बाया दिवसच्या दिवस ओणव्या होऊन चिखलात पाय रोवून रोपं लावतात. मग सांधे पौषातच का बोलतात? मला वाटतं, लावणीत दुखणं मोजायला सवड नसते. कापणी-झोडणी उरकली, हात जरा रिकामे झाले, की वर्षभर राबलेल्या अंगाची तक्रार ऐकू येते. ज्यांना तीही सवड नाही, ती कातकरी कुटुंबं तेव्हा वीटभट्ट्यांवर असतात. अंधारात उठून गार चिखल साच्यात थापणाऱ्या बोटांना थंडी बाधते हे खरंच. पण त्या बोटांना चिखल आणि उकिडवं बसणंही बाधतं.

थंडीनं होतं काय, तर स्नायू आखडतात, कातडीकडचा रक्तपुरवठा घटतो, सांध्यातलं वंगण काहीसं घट्ट होतं आणि माणूस हालचाल कमी करतो. असलेलं दुखणं त्यानं जाणवतं. पण गुडघ्याची झीज थंडी करत नाही आणि आमवातही ती आणत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघर पाहणी झाली. तिथे दर 100 प्रौढांमागे सुमारे 18 जणांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, आणि भिगवण काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. वय, वजन, जुनी दुखापत, घरातला वारसा आणि कष्ट ही कारणं कुठल्याही हवेत असतात. शहापूर तालुका तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला देतो. तानसा धरण 1892 चं. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. तो भार कुठल्या तरी गुडघ्यावर पडतोच.

आणखी एक गोष्ट थंडीआड लपते. बाई पहाटे तांदळाची उकड मळायला बसते. बोटं सुजलेली, मूठ वळत नाही. गरम उकडीत हात फिरला की बोटं जरा सैलावतात. पहाटेच्या गारव्यानं आखडली असतील, असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. पण आमवातात शरीरातला दाह वाढवणारी रसायनं पहाटेच जोर धरतात, मे महिन्यातसुद्धा. दिवसातली सर्वांत गार वेळ आणि या आजाराची वेळ एकच पडते. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतो आणि बऱ्याचदा दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम धरतो.

हा फरक मोलाचा आहे. आमवातात हाडांची कायमची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. ती रोखणारी औषधं आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. होळीपर्यंत वाट पाहू, मग पुढच्या होळीपर्यंत, असं करत तीच वर्षं निघून जातात. निरगुडीच्या पाल्याचा शेक, मोहाच्या बियांचं तेल, घोंगडीची ऊब यांनी आराम पडतो, तो जरूर घ्यावा. झिजेच्या गुडघ्याला तर ऊब, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि बेतानं चालणं हेच मोठे आधार. सांध्यावर तापल्या लोखंडाचे डाग देणं मात्र थांबलंच पाहिजे. त्यानं दुखणं जात नाही, जखम तेवढी मागे राहते.

दोन-अडीच हजार वर्षं सांधेदुखीच्या विचारानं ऋतूकडे पाहिलं. आता त्याला माणसाकडे पाहायला हवं. माझं दुखतंय, हे म्हणणाऱ्याचं खरं मानावं. दुखण्याचं कारण मात्र तपासून घ्यावं. पाड्यावर येणाऱ्या आशाताईंनी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी, घरातल्या लेकी-सुनांनी एवढंच विचारावं: सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? उत्तर तासाच्या पुढे गेलं आणि सूज सहा आठवड्यांत उतरली नाही, तर होळीची वाट न पाहता शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठावं आणि तिथून तज्ज्ञाकडे जावं.