वाटीवर घातलेलं नाव

अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षात बसायचं आणि 'विम्को नाका' म्हणायचं. रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. विम्को म्हणजे काय, हे मात्र आजच्या तरुण प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया इतकी जबर जकात बसवली. मग बाहेरून माल आणण्यापेक्षा इथेच कारखाने काढलेले बरे, असा हिशेब करून स्वीडनच्या इव्हार क्रूगर यांच्या काडेपेटी साम्राज्याने १९२३ साली ही कंपनी स्थापन केली. तिचा एक मोठा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. 'शिप' आणि 'होमलाइट्स' ही कंपनीची नावं घराघरांतल्या चुलींपर्यंत पोचली. आज तिथे उरलं आहे ते नाक्याचं नाव.

हे नाव कानावर पडलं की मला त्या नाक्याच्या आसपासची हॉटेलं आठवतात. हॉटेल म्हणजे आपल्याकडे ज्याला हॉटेल म्हणतात ते: चार बाकडी, गल्ल्यावर मालक, काचेच्या कपाटात शेव आणि फरसाण, आत पेटलेली शेगडी. पाळी सुटली की कामगार चहा-उसळपावाला तिथे टेकायचे. त्यांतली बरीचशी नाहीशी झाली. कारखान्याचं नाव नाक्याला तरी मिळालं, त्यातल्या माणसांना जेवू घालणाऱ्या या जागांची नावं कशावर राहिली?

दूरच्या एका देशात याचं उत्तर काडेपेटीनेच दिलं होतं. जोशुआ प्यूझी या फिलाडेल्फियाच्या वकिलाने १८९२ साली मॅचबुकचं पेटंट घेतलं. मॅचबुक म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीत ओळीने बसवलेल्या कागदी काड्यांची चपटी पेटी. डायमंड मॅच कंपनीने ते पेटंट विकत घेतलं आणि त्या पुठ्ठ्याची बाहेरची बाजू जाहिरातीला देता येते, हे लवकरच साऱ्यांच्या लक्षात आलं. मग अमेरिकेतल्या गावोगावच्या खाद्यगृहांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर छापून ही पुस्तकं गिऱ्हाइकांना फुकट वाटली. पुढे ती खाद्यगृहं बंद पडली, इमारती पडल्या, पण कुणाच्या तरी खणात मॅचबुक राहिलं. आज संग्राहक ते जपतात, कारण एखाद्या गल्लीत अमुक नावाची जागा होती, याचा कधीकधी तेवढाच पुरावा उरलेला असतो.

आपल्याकडे मॅचबुकं आली ती पंचतारांकित हॉटेलांत आणि एअर इंडियाच्या विमानांत. नाक्यावरच्या हॉटेलात ती येणं शक्यच नव्हतं. इथे काडीला मोल होतं. १९३४ साली काडेपेटीवर अबकारी कर बसला आणि कर भरल्याची कागदी पट्टी प्रत्येक पेटीवर चिकटू लागली. पानपट्टीच्या खांबाला जळता सुंभ टांगलेला असायचा, गिऱ्हाइकाने विडी त्यावर शिलगावायची. लाखो काड्या बनवणाऱ्या गावातही काडी मोजूनच वापरली जायची. ती फुकट वाटण्याची चैन नाक्यावरच्या मालकाला कुठून परवडणार?

म्हणून मॅचबुकाच्या संग्रहाकडे पाहताना मला आनंदाबरोबर एक सावधपणाही वाटतो. छापण्याची ऐपत ज्यांची होती, त्यांचीच आठवण अशा संग्रहात राहते. आपल्या लेखनातल्या आठवणींचंही तसंच आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार' हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं, तेव्हा चित्रकार-लेखकांनी त्यावर भरभरून लिहिलं. धोबी तलावचं 'बस्तानी' हे इराणी हॉटेल गेलं, पण तिथल्या सूचनांच्या पाट्या निसिम इझिकेल यांच्या कवितेत पोचल्या होत्या. या जागांवर लिहिलं गेलं याचा मला आनंदच आहे. तरीही प्रश्न उरतो. ज्या हॉटेलात कवी बसले नाहीत, फक्त दुसऱ्या पाळीचे कामगार बसले, ते कुणाच्या आठवणीत नोंदायचं?

माझं उत्तर स्वयंपाकघरातल्या मांडणीवर आहे. आपल्या समाजाने कागदापेक्षा भांड्यांवर अधिक विश्वास ठेवला. लग्नात दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव, पंगतीला उसनी दिलेली पातेली ओळखू यावीत म्हणून त्यांवर घराण्याचं नाव. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून नावं घालून देणारा कारागीर पूर्वी छिन्नीने टोचे मारून अक्षरं उमटवायचा, पुढे त्याच्या हाती विजेची लेखणी आली. हॉटेलवाल्यांनीही हेच केलं. पेला कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्यावर नाव घातलं, कधी गावाचं नावही जोडलं. चोरी टाळण्यासाठी घातलेली ती अक्षरं म्हणजे आपल्या हॉटेलांचं मॅचबुकच. मात्र हॉटेल बंद पडलं की ही भांडी किलोच्या भावाने मोडीत जातात. मोडीवाल्याच्या तराजूत ताटाला वजन असतं, त्यावरच्या नावाला नसतं.

माझ्याकडे अशी एक स्टीलची वाटी आहे. नाक्याकडच्या एका भंगाराच्या दुकानातून आणलेली. नाव इतकं झिजलंय की दोनच अक्षरं लागतात, त्याखाली 'अंबरनाथ' मात्र स्वच्छ वाचता येतं.

एका झिजलेल्या वाटीचं एवढं काय, असं कुणी विचारेल. गेलेल्या हॉटेलांच्या आठवणी काढणं हा निव्वळ गतकाळाचा उमाळा आहे, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. आठवण लबाड असते. तिला उसळीची तर्री आठवते, मोरीपाशी बसून कपबशा विसळणारा दहा वर्षांचा पोरगा आठवत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात राबवण्यावर बंदी आली ती थेट १० ऑक्टोबर २००६ रोजी. त्याआधीच्या कुठल्याही हॉटेलच्या गोड आठवणीत असा एखादा पोरगा असण्याची शक्यता मोठी आहे. पण म्हणूनच वस्तू जपायला हव्यात. वाटी किती मोठी, त्यावरून एका माणसाला किती उसळ मिळायची ते कळतं. खाणावळीच्या महिन्याच्या कुपनांवरून दोन वेळच्या जेवणाचा दर कळतो आणि तो पगाराशी ताडून पाहता येतो. पगाराची वही मिळाली, तर कपबशा विसळणाऱ्याच्या हाती काय पडायचं तेही कळेल. आठवण जिथे गोडवा चढवते, तिथे वस्तू हिशेब मांडते.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मधल्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखामुळे आपल्याला नेमकं कळलं. दगडावर अक्षरं होती, म्हणून जवळजवळ हजार वर्षांचा काळ ओलांडून राजाचं नाव आपल्यापर्यंत आलं. कामगारांना जेवू घालणाऱ्या माणसांची अक्षरं स्टीलवर आहेत आणि ती आपल्या डोळ्यांदेखत वितळत आहेत.

यासाठी मोठं संग्रहालय उभारावं लागत नाही. शहराच्या वाचनालयात एक कपाट पुरे. बंद होणाऱ्या प्रत्येक हॉटेलातून एक पेला, एक कुपन, दरांची एक पाटी मागून घ्यावी आणि मालक, आचारी, वाढपी यांनी सांगितलेलं चार ओळींत लिहून सोबत ठेवावं. हॉटेल नेमकं कुठे होतं, किती वाजता उघडायचं, कुठल्या पाळीला गर्दी व्हायची, हे सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मोडीवाल्याच्या आधी आपण तिथे पोचलो पाहिजे, एवढीच घाई आहे.

त्या कपाटात ठेवायला मी माझी वाटी देईन. तिची उरलेली अक्षरं वाचू शकेल असं कुणीतरी विम्को नाक्यावर आजही चहा पीत असेल. मला आधी त्याला गाठायचं आहे.