सादृश्य आणि समता

'सेम' हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत इतका रुळला आहे की, मुले 'सेम टु सेम' म्हणू लागली तरी आपण परभाषेतला शब्द ऐकत आहो असे कोणास वाटत नाही. तो अगदीच परकाही नव्हे. इंग्रजी 'सेम' आणि संस्कृत 'सम' ही एकाच प्राचीन मुळाची फळे होत, असे भाषाशास्त्र सांगते. आमच्या 'सारखा' या शब्दाची घडण मात्र निराळी. संस्कृत 'सदृक्ष', प्राकृत 'सरिक्ख', मराठी 'सारखा' असा त्याचा प्रवास. आणि त्याच्या पोटात 'दृश्', म्हणजे पाहणे, हा धातू आहे. सारखेपणात वस्तू असतात तसा पाहणाराही असतो, याची खूण या शब्दानेच ठेवली आहे.

'सेम'चा अर्थही वाटतो तितका सरळ नाही. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक आहे. तेथील दोघे गृहस्थ 'आम्ही सेम गाडीने आलो' असे म्हणाले, तर ते एकत्र आले, की एक काल आणि दुसरा आज आला? इंग्रजी शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो. मराठीत 'तीच' आणि 'तशीच' हा भेद आहे. तरी आपणही 'रोज त्याच गाडीने जातो' असे म्हणतोच. डबे बदलतात, उतारू बदलतात; टिकते ती वेळ आणि नाव. आणि नावाचा तरी काय भरवसा? साताऱ्याच्या माण तालुक्यातही पिंगळी आहे. नाव तेच, गाव निराळे. तात्पर्य, दोन गोष्टी नुसत्या सारख्या कधीच नसतात. त्या कशात तरी सारख्या असतात.

आमच्या अलंकारशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. पूर्ण उपमेला चार अंगे लागतात : उपमेय, उपमान, दोघांतील समान धर्म आणि साम्यवाचक शब्द. यांतले एखादे अंग गाळले की ती लुप्तोपमा. 'मुख चंद्रासारखे' एवढेच म्हणून कवी थांबतो आणि उरलेले रसिक जाणतो. काव्यात हा लोप शोभतो. व्यवहारात त्याच्या आडून अन्याय घडतो.

'आमच्या घरी मुलगा-मुलगी सारखीच' हे वाक्य आज घरोघर ऐकू येते. कशात सारखी? शिक्षणात, कपड्यालत्त्यात, लाडाकोडात. येथवर उत्तर सहज मिळते. परंतु परभणीकडच्या काळ्या जमिनीची वाटणी निघाली की उत्तर अडखळते. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली, काही अटींसह, दिला. २००५ साली तो देशभर झाला. तरीही पुष्कळ घरांत लेकीपुढे हक्कसोडपत्र येते आणि ती सही करते.

ती स्वखुशीने सही करते, असे सांगतात. कित्येकदा ते खरेही असते. माहेरचा उंबरा जमिनीहून मोलाचा, असे तिला मनापासून वाटत असेल, तर त्या भावनेस नावे ठेवणारे आम्ही कोण? पण एक प्रश्न उरतो. भावाला शहरात चांगली नोकरी लागली, त्याचे पोट शेतीवर उरले नाही, तरी त्याच्यापुढे तो कागद क्वचितच येतो. त्याला हिस्सा घेऊनही भाऊच राहता येते. बहिणीला मात्र हिस्सा आणि माहेर यांतून एक निवडावे लागते. ज्या निवडीची वेळ एकावरच येते, ती स्वखुशीची असली तरी सारखेपणाची नव्हे.

आणखी एक गोष्ट. 'मुलीला मुलासारखे वाढवले' ही प्रशंसा होते. 'मुलाला मुलीसारखे वाढवले' असे अभिमानाने सांगणारा बाप आम्हाला अद्याप भेटलेला नाही. उपमान उपमेयाहून थोर असावे, असा काव्याचा संकेत आहे. तो संकेत घरात शिरला की सारखेपणाच्या भाषेतही एकजण माप ठरतो आणि दुसऱ्याला मापून घ्यावे लागते.

म्हणून 'सारखे' हा शब्द उच्चारणाऱ्याने गाळलेले अंग भरून काढावे. कशात सारखे, ते स्पष्ट सांगावे. ते सांगताना जीभ जेथे अडखळेल, तेथेच आपल्या समतेची शीव आहे, असे प्रामाणिकपणे समजावे.