धडधड आणि धैर्य

छातीचा माणूस, छातीठोक उत्तर, काळजाचें पाणी होणें. धैर्याचा आणि भ्याडपणाचा सारा हिशेब आपल्या भाषेनें हृदयाकडे सोंपविला आहे. परंतु ज्यांची नाडी स्वस्थ बसलें असतांही मिनिटाला १०० च्या वर चालते, अशा माणसांच्या बाबतींत हा निवाडा कितपत रास्त आहे?

मुळांत ही गति हृदयाला परकी नाहीं. तरुण माणसाचें हृदय सर्व मज्जातंतूंच्या अमलांतून सोडविलें, तर तें आपल्याच तालावर सुमारें १०० ठोके देतें. त्याला सत्तरापर्यंत आणून ठेवतो तो व्हेगस हा मज्जातंतु. तो उत्तेजित केला असतां हृदय मंदावतें, प्रसंगीं थांबतेंही, हें वेबर बंधूंनीं १८४५ सालीं दाखविलें. अनुकंपी मज्जातंतूंचें काम याच्या उलट, टाच मारण्याचें. म्हणजे आपलें शांत हृदय हें वस्तुतः अहोरात्र आवरून धरलेलें हृदय होय. हा लगाम आपल्या हातीं नसतो. त्याचें श्रेय मात्र आपण खुशाल आपल्या शीलाला देतों. (माझी नाडी ६४ आहे, आणि मला पालीचें भय वाटतें.)

कांहींचा लगाम ढिला असतो, कांहींची टाच तीव्र. कित्येकांचे ठोके तर नुसतें उठून उभें राहिल्यानें १० मिनिटांच्या आंत ३० नीं वाढतात. अमेरिकन यादवी युद्धांतील अशाच धडधडत्या छातीच्या सैनिकांचें वर्णन डॉ. जेकब डा कॉस्टा यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील अनेकांचा विकार ताप, अतिसार किंवा मोहिमेंतील कष्ट यांच्या मागून आलेला होता. त्यांना भित्रे म्हणावयाचें काय?

विल्यम जेम्सनें १८८४ सालीं असें मांडलें कीं, आपण भितों म्हणून थरथरतों असें नव्हे. देहांतील या खळबळीची जाणीव हीच भीति. हें अक्षरशः मानलें, तर वरील प्रश्नाचें उत्तर होकारार्थी द्यावें लागेल. मला तें पटत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंची नाडी ११० असते. रक्त तपासून झालें, थायरॉइड पाहून झाली. दोष सांपडला नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "मनाला जरा आवर घाल." रोज सकाळीं वर्गांत उभ्या राहिल्या कीं त्यांच्या देहांत पळून जाण्याची सर्व सिद्धता होते. बाई टेबलाची कड क्षणभर धरतात, आणि मग खडू उचलून फळ्यावर तारीख लिहूं लागतात.