हेरकथेतला सुटलेला माणूस

अभिजात हेरकथांचा संग्रह वाचताना खरी गोडी चोर सापडण्यात नसते, निर्दोष माणूस सुटण्यात असते. कॉनन डॉयल यांची 1892 सालची निळ्या रत्नाची कथा घ्या. हॉटेलातून रत्न नाहीसं होतं आणि पोलीस हॉर्नर नावाच्या कारागिराला धरतात. तो त्या खोलीत शेगडीची दांडी जोडायला आलेला असतो. शिवाय पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेला. तेवढं पुरतं! शेरलॉक होम्स मात्र एक जुनी टोपी आणि एक मारलेला हंस यांचा माग काढत जातो आणि हॉर्नरविरुद्ध जबानी देणारा हॉटेलचा नोकरच चोर निघतो. टोपी मोठी म्हणून अक्कल मोठी, हा होम्सचा तर्क मला पटत नाही. माणूस असा डोक्याच्या मापावरून ओळखता येत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, हॉर्नरचं दुःख कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा जमातींमधल्या जन्मालाच गुन्ह्याचा पुरावा ठरवलं. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की संशयाची नजर अजूनही अनेकदा बेड्याकडेच वळते. कुणी म्हणेल, कथेतले पुरावे लेखकानंच पेरलेले असतात, त्यांचा खऱ्या तपासाशी काय संबंध? खरं आहे. पण पुराव्याआधी नाव ठरवू नये, ही सवय वाचकाला तिथंच लागते. आणि होम्स शेवटी चोराला सोडतो, हा कसला न्याय? तो सोडतो, पण हा साक्षीदार आता उभा राहणार नाही आणि हॉर्नरवरचा खटला कोसळेल, याची खात्री पटल्यावरच.