गोळी लपवली, त्रासही लपवला

नैराश्यावरची गोळी आपल्या घरात येते तीच लपतछपत. मुलीचं लग्न जमायचंय, ऑफिसात कळायला नको, सासूबाईंना तर मुळीच नको. लपवून घेतलेल्या गोळीचा त्रासही मग लपवून सोसला जातो आणि एक दिवस ती कुणाला न सांगताच बंद होते. या गुपितात डॉक्टर, घरचे, शेजारी असे सगळेच भागीदार असतात.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या आज नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मळमळ, जुलाब, डोकेदुखी होऊ शकते, झोप उडते नाहीतर दिवसभर गुंगी राहते. गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे जातात. त्रास आधी, आराम मागून. हे कुणी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी ‘गोळ्या उष्ण पडल्या’ म्हणून पाकीट कचऱ्यात टाकतो. मळमळ बहुधा आपोआप ओसरते, जेवणानंतर गोळी घेतली तर कमी होते, आणि झोप उडत असेल तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. ‘सगळं सांगितलं तर पेशंट गोळी घेणारच नाही,’ हा डॉक्टरांचा युक्तिवाद मला मान्य नाही. अंधारात ठेवलेला रुग्ण गोळी सोडतोच, फक्त डॉक्टरांना कळवत नाही. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२व्या कलमाने उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

सर्वांत मोठं मौन आहे ते कामजीवनाबद्दल. या गोळ्यांनी अनेकांची इच्छा मंदावते, पुरुषांना स्खलनाला उशीर लागतो, स्त्रियांना कामतृप्ती मिळेनाशी होते. मळमळीसारखं हे आठवड्या-दोन आठवड्यांत जाईलच असं नाही. पुष्कळदा गोळी चालू असेपर्यंत राहतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून जे उघड बोलायला सांगितलं, ते आजही दवाखान्याच्या बंद दाराआड बोललं जात नाही. नवरा ‘वय झालं’ म्हणतो. बायकोला तर कुणी विचारतच नाही. आणि यावर उपाय आहेत! डोस कमी करता येतो, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखं हा त्रास कमी देणारं औषध निवडता येतं. पण त्यासाठी कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं.

बोलायचं नसलं की माणूस गोळी एकदम सोडतो. दोन-चार दिवसांत चक्कर, घाम, चिडचिड, भलती स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनच्या बाबतीत हे जास्त होतं. फ्लुओक्सेटीन शरीरातून हळूहळू जातं, म्हणून कमी. शेजारी लगेच म्हणतात, ‘बघा, सवय लागली!’ दारूच्या तलफेसारखी ही सवय नव्हे. शरीर औषधाला सरावलेलं असतं, त्याला सावकाश उतरवावं लागतं. कधी काही आठवडे, कधी काही महिने. पण रुग्णांच्या या तक्रारी डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं हलक्यात घेतल्या, हेही म्हटलंच पाहिजे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्सने हा त्रास तीव्र आणि लांबणारा असू शकतो हे मान्य केलं, ते २०१९ साली.

काही खुणा दिसल्यावर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार बळावू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिलेला इशारा २००७ मध्ये चोविशीपर्यंत वाढवला. मूल एकाएकी अस्वस्थ झालं, एका जागी बसेना, मरणाची भाषा करू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा; टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही दिवसरात्र चालू असतो. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. आजोबा बरळायला लागतात, तोल जाऊन पडतात आणि घर म्हणतं, वय झालं. दातांच्या डॉक्टरांपासून ही गोळी लपवली आणि त्यांनी ट्रामाडॉल हे वेदनाशामक दिलं, तर दोन औषधं मिळून जिवावर बेतू शकतं. आयब्युप्रोफेनसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

आपल्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर ‘अजून किती दिवस घेणार?’ असं विचारण्याआधी ‘काही त्रास होतो का?’ एवढं विचारा, आणि उत्तर ऐकून घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा.