‘आम्हीं केलें’ म्हणजे काय?

तालुक्याच्या गांवीं तत्त्वज्ञान शिकवून उपजीविका करणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यांत साहसाचे प्रसंग फारसे येत नाहींत. तरीहि गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत जामखेड येथें राहत्या घरीं आमच्या हातून एक साहस घडलें, आणि त्यांतून जो प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढें मांडण्यासारखा वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे. साहस म्हणावें तर अगदींच किरकोळ. अकरावींत शिकणाऱ्या आमच्या भाच्यासाठीं आम्हीं गिटारचा एक लहानसा ध्वनिवर्धक, बाजारच्या भाषेंत ॲम्प्लिफायर, घरीं बसून तयार केला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत विजेचा दिवा बदलण्यापलीकडे आम्हीं विजेशीं कसलाहि व्यवहार ठेविला नव्हता.

भाच्यानें साठविलेल्या पैशांतून जुनी विजेची गिटार घेतली होती. ही गिटार एकटी असली म्हणजे जवळजवळ मुकीच असते. तिचें पोट भरीव. आवाज घुमावा अशी पोकळीच नाहीं. तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोवतीं केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार कांपली कीं त्या वेढ्यांत विजेची एक सूक्ष्म लहर उठते, आणि ती ध्वनिवर्धकांत गेल्यावांचून कानाला कांहींच लाभ नाहीं. तयार ध्वनिवर्धकाला कांहीं हजार रुपये पडतात असें कळतांच आमच्या भगिनीनें, म्हणजे त्याच्या आईनें, तो विषय तेथेंच मिटविला. मुलाचें उतरलेलें तोंड पाहून आम्ही सहज बोलून गेलों, “त्यांत काय आहे? आपण घरींच करूं.” अध्यापकांना अशी वाक्यें बोलण्याची संवय असते, तीं खरीं करून दाखविण्याची वेळ मात्र क्वचित् येते.

ती या खेपेस आली. पुण्यास कांहीं कामासाठीं गेलों असतां पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आम्हीं सामान आणलें. ‘एलएम ३८६’ नांवाची आठ पायांची, चिंचोक्याएवढी एक आयसी, चार-पांच कंडेन्सर, दोन रेझिस्टर, आवाज कमीजास्त करण्याची खुंटी, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि घरांतल्या मोडक्या रेडिओंतून काढलेला कर्णा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा भगिनीकडून मिळाला, तोहि पुष्कळ विनवण्यांनंतर. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला नकाशा समोर ठेवून मामा-भाच्यांनीं तीन संध्याकाळ तापलेल्या कांबीनें डाख दिला. पहिल्या दिवशीं आमचें बोट भाजलें, दुसऱ्या दिवशीं टेबलावरचें मेणकापड. तिसऱ्या दिवशीं बॅटरी जोडून खुंटी फिरविली, तों गिटारच्या आधीं दूरच्या कोणत्या तरी आकाशवाणी केंद्रावरच्या बातम्या डब्यांतून पुसटपणें ऐकूं येऊं लागल्या! मग भाच्यानें तार छेडली. आवाज आला. खरखरीत, थोडा फाटका, परंतु निःसंशय गिटारचा. त्या क्षणीं आम्हांला जो आनंद झाला तसा आमच्या पहिल्या छापील निबंधानेंहि झाला नव्हता. घरीं आलेल्या प्रत्येकाला आम्ही तो डबा दाखवीत होतों आणि म्हणत होतों, “हा आम्हीं केला.”

आठ-दहा दिवसांनीं डबा बिघडला. आवाज मधूनच जाई, मधूनच तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडावे तसा चरचरे. आम्हीं नकाशा पुन्हां पाहिला. सर्व कांहीं नकाशाबरहुकूम होतें. तेव्हां बाजारपेठेंतल्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. तेथील गृहस्थ शाळेंत फार शिकलेले नसावेत. त्यांनीं डबा उघडला, बॅटरी चालूच ठेवून लाकडी काडीनें एकेक भाग हलकेच टोंचून पाहिला, आणि एका मोठ्या कंडेन्सरापाशीं चरचर होतांच काडी थांबविली. “ड्राय सोल्डर आहे,” ते म्हणाले. म्हणजे डाख वरून बसलेला दिसत होता, पण आंत तारेला धरलेलाच नव्हता. नंतर त्यांनीं सहज विचारलें, “सर, हा कंडेन्सर इथं कशाला बसविलाय तुम्हीं?”

आम्ही उत्तरलों, “नकाशांत आहे म्हणून.”

ते कांहीं बोलले नाहींत. डाख नीट करून त्यांनीं डबा परत दिला व पैसे घेण्याचें नाकारलें. पण घरीं येईपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुस्तकांत आहे म्हणून, असें उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्हीं गेलीं अठ्ठावीस वर्षें वर्गांत उभें केलें आहे. घोकंपट्टीविरुद्ध आमचीं व्याख्यानेंहि झालीं आहेत, आणि लोकांनीं तीं सोसलीं आहेत. मग ‘हा आम्हीं केला’ असें आम्ही कोणत्या अधिकारानें सांगत होतों?

ॲरिस्टॉटलानें आपल्या ‘मेटॅफिजिक्स’ या ग्रंथाच्या आरंभींच हा भेद सांगितला आहे. नुसता हातानें काम करणारा कारागीर काम करतो, पण कां तें जाणत नाहीं. मुख्य कारागिराला कारण ठाऊक असतें, म्हणून तो अधिक शहाणा. आणि जाणण्याची खूण कोणती, तर दुसऱ्याला शिकवितां येणें. आम्ही हा भाग दरवर्षीं शिकवितों, व शिकवितांना मनांतल्या मनांत स्वतःला दुसऱ्या वर्गांत बसवितों. त्या दिवशीं दुकानांत मात्र कारण जाणणारा मुख्य कारागीर फळकुटावर बसला होता, आणि कां तें न जाणतां हात चालविणारा पदवीधर त्याच्यापुढें उभा होता. ग्रीक तत्त्वज्ञाला असा जामखेडी अपवाद मान्य झाला असता कीं नाहीं, सांगवत नाहीं. अनुभवी मनुष्य कित्येकदां नुसत्या शास्त्र जाणणाऱ्यापेक्षां अधिक यशस्वी होतो, हें मात्र त्यानेंहि कबूल केलें आहे. आमच्यापाशीं अनुभवहि नव्हता आणि शास्त्रहि नव्हतें. होता फक्त नकाशा.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे पुन्हां दुकानीं गेलों, या वेळीं विचारण्यासाठीं. त्या कंडेन्सराचें काम असें: आयसीच्या ज्या पायांतून आवाज बाहेर पडतो त्या पायावर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सुमारें साडेचार व्होल्टचा स्थिर दाब नेहमींच असतो. तो थेट कर्ण्यांत गेला तर कर्ण्याची गुंडाळी तापेल आणि पडदा एका बाजूला ढकलला जाऊन तसाच राहील. कंडेन्सर स्थिर प्रवाहाला अडवितो आणि कंप पावणाऱ्या लहरीला जाऊं देतो. त्याचें मोल आम्हीं दुकानांत दिलें होतें, महत्त्व मात्र आतां कळलें. परंतु त्याहून मोठा धक्का पुढेंच होता. आमची आजवर अशी समजूत होती कीं ध्वनिवर्धक गिटारच्या क्षीण लहरीला फुगवून मोठी करतो. तें तसें नाहीं. गिटारची लहर कर्ण्यापर्यंत पोंचतच नाहीं. कर्ण्याला हलविणारी सगळी शक्ति बॅटरीची असते. गिटार फक्त ती केव्हां व किती सोडावी तें सांगते. गृहस्थ म्हणाले, “पाटाचं दार असतं ना, तसं. दार उचलायला एक माणूस पुरतो. पाणी धरणाचं.” पाण्याची वाट पाहण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या आमच्या तालुक्यांत याहून चांगला दृष्टान्त सुचणें कठीण.

आतां कोणी म्हणेल, इतकें खोल जाण्याचें कारण काय? सगळेच दुसऱ्याच्या नकाशावरून करतात. तें खरेंच आहे. कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवीं १९३८ सालीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान काढणाऱ्या लिओ फेंडरचे प्रारंभींचे ध्वनिवर्धक व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्यांनीं प्रसिद्ध केलेल्या रचनांना अनुसरूनच होते; आणि लंडनमध्यें ढोल वाजविणें शिकविणाऱ्या व वाद्यांचें दुकान चालविणाऱ्या जिम मार्शलनें सहकाऱ्यांसह १९६२ च्या सुमारास जो ध्वनिवर्धक पुढें आणला, तो फेंडरच्याच एका नमुन्यावर बेतलेला होता. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें उदाहरण आहे. त्यांनीं व त्यांचे नात्यांतले बंधु आनंदराव यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं तो तडीस नेला, आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आला. कॅमेऱ्याची कल्पना कांहीं कोल्हापुरांत जन्मली नव्हती. तरीहि तो कॅमेरा बाबूरावांनीं केला असें आपण बिनदिक्कत म्हणतों, आणि योग्यच म्हणतों. यंत्र अडलें तर त्यांना कोणाच्या दारीं जावयाचें नव्हतें. बिघाडाचा जाब तेच देणार होते. कर्तेपण कल्पनेच्या उगमाशीं शोधण्यापेक्षां या जाब देण्याच्या ताकदीशीं शोधावें, असें आम्हांला वाटूं लागलें आहे.

याचा पुरावा आमच्या गांवाबाहेर शोधावयास नको. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य जामखेडास आलें, आणि त्यांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण दिलें. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती, कित्येकी गांवानें दूर ठेविलेल्या जातींतल्या होत्या. पुढें १९७९ सालीं त्या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें व जगभरचे लोक जामखेड पाहावयास येऊं लागले, हें सर्वश्रुत आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. जुलाबानें सुकलेल्या मुलाला मीठ, साखर व उकळून गार केलेलें पाणी योग्य प्रमाणांत द्यावयाचें, हा उपाय कोणालाहि पाठ करतां येईल. पण मीठ अधिक झालें तर तेंच पाणी मुलाला अपाय करील; आणि पाणी कां द्यावयाचें हें आईला पटलें नाहीं तर जुलाब वाढतील या भीतीनें ती तें देणारच नाहीं. म्हणून त्या स्त्रियांना कारण ठाऊक असावें लागतें, आणि त्या तें दुसऱ्या बायकांना समजावून सांगतात. ॲरिस्टॉटलची खूण त्यांना लागू पडते. आम्हांला पडली नव्हती. डॉक्टरांचें ज्ञान त्या दांपत्यानें दारामागें ठेविलें नाहीं. आणि पाण्याचा दृष्टान्त पुढें न्यावयाचा तर, पाणी त्या गांवांतच होतें.

इतकें लिहून लेख संपला असता. परंतु घरांतला प्रश्न संपला नाहीं. अर्ध्या वॅटच्या डब्यानें भाच्याचें समाधान होईना. आतां त्याला व्हॉल्व्हचा मोठा ध्वनिवर्धक करावयाचा आहे, भिंतींतल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारा. त्याच्या आंत तीन-चारशें व्होल्टचा दाब निर्माण होतो, आणि वीज बंद केल्यावरहि मोठ्या कंडेन्सरांत तो कांहीं काळ भरून राहतो. चुकून हात लागला तर मनुष्य दगावूं शकतो. आम्हीं साफ नकार दिला. तेव्हां तो म्हणाला, “मामा, पहिला डबा केला तेव्हां तुम्हांला तरी काय येत होतं?”

याला उत्तर देणें सोपें नव्हतें. भगिनी म्हणाली, नाद तुम्हींच लावला, आतां निस्तराहि तुम्हींच. आणि तिचें म्हणणें न्यायाचें होतें. न जाणतां हात घालणें हें पाप असेल तर तें आम्हींहि केलें होतें, वर त्याचा डांगोराहि पिटला होता. रात्रभर विचार केल्यावर आम्हांला एवढाच भेद दिसला कीं नऊ व्होल्टची बॅटरी अज्ञान क्षमा करते. तेथें चुकीची किंमत फार तर एक आयसी व एक भाजलेलें बोट. शिकाऊ मनुष्याला न समजतां आरंभ करण्याचा हक्क आहेच, नाहीं तर कोणीच कांहीं शिकणार नाहीं. पण चुकीची किंमत जेथें जीवानें मोजावी लागते, आणि तीहि एखादे वेळीं दुसऱ्याच्या जीवानें, तेथें तो हक्क संपतो. सीमा नेमकी कोठें ओढावी हें दर वेळीं नव्यानें ठरवावें लागेल, आणि ठरविणारा बहुधा आमच्यासारखाच अर्धवट जाणता असेल. हें समाधानकारक नाहीं, हें आम्ही जाणतों.

शेवटीं तह झाला तो असा. वीज काढल्यावरहि कंडेन्सरांत दाब कां राहतो व तो धोक्यावांचून कसा उतरवावा, हें भाच्यानें आधीं आम्हांला शिकवावें, आणि आम्हांला समजलें कीं नाहीं याची परीक्षा त्या दुकानदार गृहस्थांनीं घ्यावी. त्यांनीं तें हंसून मान्य केलें आहे. मात्र दोघांनींहि दर रविवारीं सकाळीं दुकानीं येऊन बसावें, अशी अट घातली आहे. पहिल्या रविवारीं आम्ही नापास झालों. भाचाहि पुरता पास झाला नाहीं. बिस्किटांचा डबा दुकानांत टेबलावर पडून आहे, आणि अजून मधून मधून बातम्या सांगतो.